फळ्यावरून आत

सरांच्या खोलीत शिरल्या शिरल्या तिने आधी काय पाहिलं, तर टेबलाचे कोपरे. सगळे टोकदार. मग खालच्या उंचीवरचा विजेचा बोर्ड, मग खिडकीची कडी, आणि मग कुठे सर. कडेवरची लेक दोन वर्षांची व्हायची होती. तिला खाली ठेवलं की ती गरागरा सुटायची, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. आज सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, तेव्हा पीएचडीच्या सल्लामसलतीला भिंगरीही हजर.

"तिला इथे बसव की. स्टेपलर देऊ खेळायला?" सर म्हणाले. सरांना मुलंबाळं नाहीत, हे एवढ्यावरून कुणालाही कळलं असतं.

"नको सर, मी धरते."

सर अर्थशास्त्र शिकवत आणि तिच्या पीएचडीच्या अर्जासोबतचं शिफारसपत्र तेच लिहिणार होते. त्यांनी तिची गुणपत्रिका पुढे ओढली आणि चष्मा कपाळावर ढकलून वाचायला लागले. अर्थशास्त्रात सगळीकडे अव्वल. संख्याशास्त्र उत्तम, लिनिअर अल्जेब्रा उत्तम. सरांचं बोट उतरत उतरत एका ओळीवर थांबलं. रिअल अ‍ॅनालिसिस. शुद्ध गणितातला विषय. आणि त्यापुढे, गुणांच्या जागी: विषय सोडला.

"हे काय झालं होतं?"

तिने भिंगरीकडे बोट दाखवलं.

सर हसले. तीही हसली, पण ते दिवस काही हसण्यासारखे नव्हते. तिसरा महिना, सकाळचा तास, आणि गणिताच्या मॅडमनी फळ्यावर खडू टेकवला रे टेकवला की हिच्या पोटात ढवळायचं. व्याख्या अर्धी उतरवायची आणि तोंडाला रुमाल लावून पळायचं. महिनाभरात तिने विषय सोडला, पुढच्या सहामाहीत कॉलेजही. आता परत आली होती आणि शेवटची सहामाही समोर होती. वेळापत्रकात एकाच विषयाची जागा रिकामी होती.

"मी श्रमबाजाराचं अर्थशास्त्र घ्यायचं म्हणत होते," ती म्हणाली. "तुमचाच आहे."

"माझा आहे म्हणूनच सांगतो, घेऊ नकोस. माझ्या विषयात तू झोपेतसुद्धा पहिली येशील. झोपेत पहिल्या आलेल्याला कोण विचारतो?" सरांनी चष्मा नाकावर आणला. "हे बघ, मी पत्रात लिहीन, हुशार आहे, कष्टाळू आहे. पण सगळेच मास्तर आपल्या लेकराला हुशार म्हणतात. निवड करणारे पत्र वाचून मान डोलावतात आणि विषयांच्या यादीत अ‍ॅनालिसिस शोधतात. पीएचडीच्या पहिल्या वर्षी अर्थशास्त्र म्हणजे नुसते गणिती पुरावे असतात गं. एखादी गोष्ट दिसतेय म्हणून खरी मानणारी माणसं त्यांना नको असतात."

"आणि घेतला, आणि गुण कमी पडले तर?"

सरांनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "तर या वर्षी अर्ज करू नकोस. सोडलेला विषय एक वेळ चालतो, पडलेला नाही चालत."

तेवढ्यात भिंगरीने गुणपत्रिकेचा कोपरा तोंडात घातला होता. तो ओला कोपरा पदराने पुसत ती बाहेर पडली. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं की नाही? आणि वर्ष वाया घालवायची तर सोय नव्हती. एक वर्ष तर आधीच गेलं होतं. पुढच्या वर्षी भिंगरी बालवाडीत, मग शाळेत. 'थोडं मार्गी लागू दे' म्हणत म्हणत बायकांची आयुष्यं मार्गी लागतात आणि अर्ज मात्र राहून जातात, हे तिने आजूबाजूला पुष्कळ पाहिलं होतं.

संध्याकाळी तिने घरात विषय काढला. सासूबाईंचा एक गाल सुजलेला होता, पण जीभ शाबूत होती.

"म्हणजे सोपा विषय आहे, मास्तर ओळखीचे आहेत, पहिला नंबर ठरलेला आहे. आणि तुला तो नको?"

"नको असं नाही आई. सर म्हणतात की..."

"सर म्हणतात! सरांच्या घरी पोर रडतंय का?" सासूबाईंनी गालावरचा बर्फ दुसऱ्या हातात घेतला. "आणि काय गं, एवढं करून तू डॉक्टर होणार. पोरीला ताप आला की परत खऱ्या डॉक्टरकडेच जायचं ना आपण?"

नवरा भाजी वाढून घेता घेता फस्सकन हसला. तिने डोळे वटारले तसा तो गंभीर झाला. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दिवसभर माणसांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवायची आणि एकच विचारायचं, हे बरं की हे? त्याचं म्हणणं असं, की माणसाला 'तुला नीट काय दिसतं' असं विचारलं की ते गोंधळतं, पण दोनच भिंगं दिली की लहान पोरसुद्धा अचूक सांगतं.

"डोळे मीट," तो म्हणाला.

"जेव ना गुपचूप."

"अगं मीट तर. हं. सहामाही संपली. तू श्रमबाजार घेतलास, पहिली आलीस, अर्ज केलास, नकार आला. हे एक." त्याने हवेत भिंग बदलल्यासारखा हात फिरवला. "आता दुसरं. अ‍ॅनालिसिस घेतलंस, आपटलीस, अर्जच केला नाहीस. सांग. पहिलं बरं की दुसरं?"

"दोन्ही वाईटच आहेत की!"

"दोन्ही धूसरच असतात. त्यातल्या त्यात कुठलं?"

ती डोळे मिटून बसली. पहिल्या चित्रात ती नकाराचं पत्र हातात धरून उभी होती आणि मनात म्हणत होती, घेतलं असतं तर? ते 'तर' तिला पुरतं ओळखीचं होतं. गेली दोन वर्षं तेच तर तिच्या उशाशी झोपत होतं.

"दुसरं," ती म्हणाली आणि डोळे उघडले.

"झालं मग," नवरा म्हणाला. "नंबर लागला. दुकानात याचे पैसे घेतो मी."

सासूबाईंनी बर्फ बाजूला ठेवला. मग भिंगरीचं तोंड पुसता पुसता, सुनेकडे न बघता म्हणाल्या, "तास कधी असतो तो?"

"सकाळी. आठवड्यातून तीनदा."

"सकाळी ही शहाण्यासारखी असते. दुपारचं असतं तर मी नाहीच म्हणाले असते." आणि वर, "पण आपटायचं नाही हं. आपटायचंच असेल तर त्यापेक्षा घरी बस, मला निदान फिरायला तरी जाता येईल."

सासूबाईंच्या तोंडून यापेक्षा मोठा आशीर्वाद आजवर कुणी ऐकला नव्हता.

गणिताच्या मॅडम म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या. त्या आवाज चढवत नसत, त्यामुळे वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. त्यांच्या तासाला एक रीत होती. पुरावा विद्यार्थ्याने फळ्यावर लिहायचा, आणि बसलेल्यांपैकी कुणीही, कुठेही, 'का?' म्हणायचं. फक्त 'का?'. फळ्यावरच्याने त्याचं उत्तर द्यायचं, नाहीतर खडू खाली ठेवून जागेवर बसायचं. कित्येक हुशार पोरं त्या एका अक्षराने जमिनीवर आली होती.

"सोडून गेली होतीस तू," ती विषय मागायला गेली तेव्हा मॅडम म्हणाल्या. त्यांना आठवत होतं.

"हो मॅडम. तेव्हा मला..."

"कारण नको. जो सोडून जातो त्याला माझ्याकडे परत यायला बंदी नाही. पण तो दारातून येत नाही, फळ्यावरून येतो. सोमवारी ये. वर्गासमोर एक प्रमेय सिद्ध कर. झालं तर यादीत नाव घालते. नाही झालं तर नोंदणीची मुदत त्याच संध्याकाळी संपते, दुसरं काहीतरी घे."

"कुठलं प्रमेय मॅडम?"

मॅडमनी कागदाच्या चिटोऱ्यावर एक ओळ खरडून दिली. बंद अंतरालावर सतत असलेलं फंक्शन तिथे एकसमान सतत असतं.

वाचायला एक ओळ. तिने शनिवार-रविवार त्या ओळीला वाहिला. बागेत घसरगुंडीखाली उभी राहून, एक हात भिंगरीच्या पाठीशी आणि दुसऱ्या हातात ओळींनी भरलेला कागद, अशी ती पाठ करत होती. अर्थ तिला कळला होता. अंतराल म्हणजे संख्यारेषेचा एक तुकडा. फंक्शन सतत आहे म्हणजे, प्रत्येक बिंदूपाशी एक सुरक्षित अंतर मिळतं. त्या अंतराच्या आत राहा, फंक्शनची किंमत फार हलणार नाही. पण प्रत्येक बिंदूचं अंतर वेगळं. इथे हातभर, तिथे बोटभर. प्रमेय सांगतं की बंद अंतरालावर सगळ्या बिंदूंना मिळून एकच अंतर पुरतं. इथेही तेच, तिथेही तेच.

तिला ते फार आवडलं. प्रत्येक कोपऱ्यापाशी वेगळी धास्ती बाळगणाऱ्या बाईला, सगळ्या घराला मिळून एकच धास्ती पुरते असं कुणी सांगितलं, तर आवडणारच.

"खाली उतरू दे की तिला," शेजारची एक आई म्हणाली. "पडली तर पडेल."

"हो," ती म्हणाली आणि हात तिथेच ठेवला.

सोमवारी वर्ग भरलेला होता. सगळी तिच्याहून तीन-चार वर्षांनी लहान, बिनधास्त पोरं. पहिल्या बाकावर केसांचा बुचडा बांधलेला एक मुलगा होता, त्याला सगळे 'काकाजी' म्हणत, कारण तो सगळ्यांत जास्त वेळा 'का?' विचारायचा. मॅडम मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

तिने खडू उचलला. पहिली ओळ मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिली.

"समजा एप्सिलॉन, किमतीला हलायची मुभा, शून्याहून मोठा," ती म्हणाली. "फंक्शन प्रत्येक बिंदूपाशी सतत आहे. म्हणून प्रत्येक बिंदूला आपापलं सुरक्षित अंतर, म्हणजे एक डेल्टा मिळतो, शून्याहून मोठा."

"का?" काकाजी.

"सातत्याची व्याख्याच ती आहे."

काकाजीने मान हलवली. तिचा आवाज मोकळा झाला. खडू पळायला लागला. आता या सगळ्या डेल्टांमधला सगळ्यांत लहान डेल्टा घेऊ. तो प्रत्येकाहून लहान, म्हणून तो प्रत्येक बिंदूपाशी चालेल. म्हणजे एकच डेल्टा सगळ्यांना पुरला. म्हणून...

ती एक पाऊल मागे सरकली. शेवटची ओळ लिहायची बाकी होती. वर्गात पेनं चालल्याचा आवाज येत होता. पोरं उतरवून घेत होती. काकाजीसुद्धा उतरवून घेत होता. मागच्या बाकावर मॅडम, हातावर हनुवटी, चेहऱ्यावर काही नाही. कुणीही 'का?' म्हणालं नाही.

लिहून टाक, तिचं मन म्हणालं. नाव यादीत जाईल.

पण हात हलेना. तिला सवय होती ना, सगळं ठीक दिसत असलं की जास्तच भीती वाटायची. भिंगरी शेजारच्या खोलीत फार वेळ गप्प असली की हातातलं काम टाकून धावायचं. आणि हा फळा आत्ता तसा गप्प होता. अगदी शहाण्यासारखा गप्प. सगळ्यांत लहान डेल्टा. सगळ्यांत लहान... कशातला? बिंदू किती आहेत?

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"का?" ती मोठ्याने म्हणाली.

वर्गाने माना वर केल्या. फळ्यावरची बाई स्वतःलाच विचारत होती.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "इथे. सगळ्यांत लहान डेल्टा घेऊ, असं मी म्हणाले. पण बिंदू अनंत आहेत, म्हणजे डेल्टाही अनंत. अनंतांत सगळ्यांत लहान असतोच असं नाही. अर्धा, पाव, त्याचा अर्धा, त्याचाही अर्धा. प्रत्येक जण शून्याहून मोठा, पण सगळ्यांना पुरेल असा एकही उरत नाही." तिने श्वास घेतला. "आणि मी बंद अंतराल कुठे वापरलंच नाही. हाच पुरावा उघड्या अंतरालावरही जसाच्या तसा चालला असता. तिथे तर प्रमेय खोटं आहे. शून्य आणि एकच्या मध्ये एक भागिले एक्स घ्या. शून्याकडे जाल तसं ते अंगावर येतं."

"मग बसताय?" काकाजी म्हणाला. कुजकट नव्हता म्हणाला, पण नियम म्हणजे नियम.

तिने मागच्या बाकाकडे पाहिलं. मॅडमची हनुवटी अजून हातावरच होती. खडू खाली ठेवायचा होता. तिने ठेवला नाही.

"प्रश्न मीच विचारलाय," ती म्हणाली. "उत्तरही मीच देते."

कुणीतरी हसलं. तिने डस्टर घेतलं आणि 'सगळ्यांत लहान' पासून पुढचं सगळं पुसून टाकलं. हिरव्या फळ्यावर मोठी रिकामी जागा झाली. त्या जागेकडे बघत ती उभी राहिली. बंद अंतराल. बंद म्हणजे दोन्ही टोकं आत. पळून जायला फट नाही.

भिंगरी डोळ्यांपुढे आली. दार लावलेल्या खोलीत ती कितीही धावली, कितीही गिरक्या घेतल्या, तरी खोलीतच सापडते. दार उघडं असेल तरच ती हातची जाते.

"उलट बाजूने जाऊ," ती म्हणाली. "समजा एकही डेल्टा सगळ्यांना पुरत नाही. म्हणजे मी कितीही लहान डेल्टा घेतला, तरी कुठेतरी दोन बिंदू सापडतात, जे एकमेकांना अगदी चिकटून आहेत पण त्यांच्या किमती लांब आहेत. डेल्टा लहान करत नेते, तशी जोडी मागून जोडी मिळत जाते."

"का?" मागून एक मुलगी.

"कारण एक जरी डेल्टा पुरला असता तर आपलं काम तिथेच झालं असतं. तो पुरत नाही असं आपण धरलंय." ती आता फळ्याकडे बघत नव्हती, वर्गाकडे बघत बोलत होती. "या जोड्या अनंत आहेत आणि अंतराल बंद. त्यांना बाहेर जायला जागा नाही. म्हणजे कुठेतरी त्यांना गर्दी करावीच लागणार. ज्या बिंदूपाशी गर्दी होते, त्याला सी म्हणू. आणि सी अंतरालाच्या आतच आहे."

"का?" काकाजी ताडकन.

"टोकं आत आहेत म्हणून! उघडं असतं तर गर्दी टोकापाशी झाली असती, आणि टोक आपल्या हातात नसतं. मघाशी शून्यापाशी तेच होत होतं."

काकाजीने हातातलं पेन बाकावर ठेवलं.

"आता सीपाशी फंक्शन सतत आहे. म्हणजे सीच्या जवळ आलेल्या सगळ्यांच्या किमती एकमेकांच्या जवळ. पण जोडीतले दोघेही सीच्या जवळ येतायत, आणि त्यांच्या किमती तर लांब आहेत असं आपण म्हणालो." तिने खडू दाबून एक आडवी रेघ मारली. "हे दोन्ही एकदम होऊ शकत नाही. म्हणून आपलं धरलेलं खोटं. म्हणून एकच डेल्टा सगळ्यांना पुरतो."

तिने शेवटची ओळ लिहिली. या खेपेला नेहमीच्याच अक्षरात.

वर्ग गप्प होता. ही शांतता मात्र वेगळी होती, तिला धावावंसं वाटलं नाही. तिने वाट पाहिली. कुणी 'का?' म्हणेना. मग मॅडम उठल्या, बाकांमधून चालत पुढे आल्या, आणि फळा वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला.

"पहिला पुरावा तू पूर्ण केला असतास," त्या म्हणाल्या, "तर मी तुला शुभेच्छा देऊन घरी पाठवलं असतं. मी शेवटच्या ओळीची वाट बघत होते." मग वर्गाकडे वळल्या. "आणि तुम्ही सगळ्यांनी तो उतरवून घेतला. काकाजी, तुम्हीसुद्धा."

काकाजीने बुचड्यात बोटं घातली. "दिसत तर बरोबर होता, मॅडम."

"दिसत होता," मॅडम म्हणाल्या, आणि खिशातून पेन काढून त्यांनी यादीच्या तळाशी तिचं नाव घातलं.

त्या संध्याकाळी नोंदणी बंद व्हायच्या आत तिने त्या एका रिकाम्या जागी अ‍ॅनालिसिस टाकला. पुढची सहामाही काही फुलांच्या पायघड्यांवरून गेली नाही. भिंगरीला दोनदा ताप आला. एका परीक्षेला ती कुशीत ओकलेल्या पोरीचा वास घेऊनच बसली. सासूबाईंनी फिरायला जाणं सोडून दिलं आणि ते दिवसातून एकदा तरी ऐकवलं. पण सकाळच्या तासाला ती कधी चुकली नाही, आणि काकाजी तिच्या शेजारी बसायला लागला. "तुम्ही स्वतःलाच विचारता, मग माझं काम हलकं होतं," तो म्हणायचा.

निकालात अ‍ॅनालिसिसपुढे सगळ्यांत वरची श्रेणी होती. सरांनी पत्र नव्याने लिहिलं. त्यात काय लिहिलं ते सांगितलं नाही, पण म्हणाले, "या वेळी हुशार हा शब्द एकदाही वापरला नाही. गरज पडली नाही."

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा ती भिंगरीला अंघोळ घालत होती. फोन नवऱ्याच्या हातात होता. तो न्हाणीच्या दारात उभा राहून वाचायला लागला आणि दुसऱ्या ओळीनंतर पुढचं मनातच वाचत सुटला. तेव्हा सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला, चष्म्याशिवाय दोन वेळा खालीवर केला आणि म्हणाल्या, "घेतलंय का नाही ते सांगा आधी!"

"घेतलंय आई," नवरा म्हणाला. "शिष्यवृत्तीसकट."

सासूबाईंनी लगेच आपल्या बहिणीला फोन लावला. "अगं, आमची सून डॉक्टर होणार! नाही गं, तापाची नाही. त्याच्याही वरची."

साबणाचे हात पुसून तिने पत्र स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचलेल्यावर तिचा विश्वास बसत नसे. खाली पहिल्या वर्षाच्या विषयांची माहिती होती. ज्यांचं अ‍ॅनालिसिस झालेलं नाही, त्यांना तो विषय सुरुवातीला घ्यावा लागेल. आणि तिच्या नावापुढे लिहिलं होतं, तुम्हाला हा विषय माफ आहे.

"माफ!" नवरा म्हणाला. "म्हणजे सकाळी सकाळी एक तास मोकळा. आता त्या जागी जरा सोपं काहीतरी घे बाई."

तिने यादी वर सरकवली. माफ झालेल्या विषयाच्या बरोबर खाली त्याच्या पुढचा विषय होता, आणखी अवघड, आणखी अमूर्त. शेजारी लिहिलं होतं, ऐच्छिक. भिंगरी टॉवेलमधून निसटून ओल्या पायांनी बाहेर पळाली. नेहमी ती मागे धावली असती. आज तिने नुसतं ओरडून सांगितलं, "आई, आली हो तुमच्याकडे!" आणि त्या विषयासमोरच्या चौकोनात खूण केली.